ब्रॉड्स बघायचे ते होडीतूनच?

पायपीट: 'इंग्लंडमधल्या नॉरफोकचे ब्रॉड्स, म्हणजे उथळ तळी आणि नद्या, होडीतूनच बघावेत, काठाने चालणाऱ्याला नुसतं गवत दिसतं,' असं शिडवाला यांनी परवा ठोकून दिलंय. अहो, तिथल्या बर्नी आर्म्स या नदीकाठच्या वस्तीला सार्वजनिक रस्ता जातच नाही. रेल्वे, होडी नाहीतर पाय. तिथल्या बांधाकडे लांबून चालत या, नदी दिसतच नाही. सपाट कुरणातून, गुरांच्या मागून, नुसती शिडं सरकताना दिसतात. होडीत बसलेल्याला ही गंमत कुठून कळणार?

शिडवाला: बर्नी आर्म्स दिलं तुम्हाला. आता व्रॉक्सम गावाहून हॉर्निंगला ब्युअर नदीच्या काठाकाठाने जाऊन दाखवा! कालव्यांवर घोडे नावा ओढायचे, म्हणून काठाने वाट झाली. इथल्या व्हेरी, म्हणजे मालवाहू होड्या, शिडावर चालायच्या. घोडा नाही, वाट नाही. वर त्याच पट्ट्यात झाडांनी वारा अडवलाय. पूर्वी छपरांसाठी काठचं गवत कापलं जायचं, ते कमी झालं आणि अल्डरची झाडं माजली. शीड लोंबतंय आणि आम्ही बांबूने होडी रेटतोय.

बगळा: म्हणजे तुमच्या सुट्टीसाठी झाडं तोडायची? मुळं काठ धरून ठेवतात, महाराज. काठ ढासळतात ते बोटींच्या लाटांनी.

शिडवाला: मोटरबोटींचं पाप माझ्या माथी नको! आणि झाड उन्मळून पडतं तेव्हा काठाचा लचका घेऊनच पडतं.

जुनं खोड: निसर्गाचा एवढा पुळका कशाला? हे ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात पीट, म्हणजे जळणासाठीची दलदलीतली माती, काढून झालेले खड्डे, पुढे पाणी भरलं. १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी ते दाखवून दिलं. माणसाने खणलंय, माणसाने छाटलं तर काय बिघडलं?

बगळा: खणणाऱ्यांना चूल पेटवायची होती, सहल काढायची नव्हती.

पायपीट: धागा चालण्याचा होता हो!

शिडवाला: चालणाऱ्यांचंच सांगतो. मागे समोरून वारा होता, टॅक घेत काठापर्यंत गेलो तर बांधावरचे एक गृहस्थ खेकसले, 'अंगावर येता का?' वाऱ्याविरुद्ध जायचं तर नागमोडीच जावं लागतं. त्यांना वाटलं मुद्दाम केलं.

पायपीट: ते मी नव्हे. पण वारा पडला की आम्ही तुम्हाला चालत मागे टाकतो, एवढं तरी कबूल करा.

शिडवाला: कबूल. जिथे वाट आहे तिथे.

बगळा: आणि झाडांचं काय ठरलं?