चाचणी कुठल्या भाषेत घेतली?

शाळेच्या सांगण्यावरून मुलाचा बुद्ध्यांक काढला, तो कमी आला, आता हे खरं धरायचं का, असं वर ताईंनी विचारलंय. माझा पहिला प्रश्न, चाचणी कुठल्या भाषेत झाली?

आमच्या लेकीची एका खासगी ठिकाणी पाऊण तासात उरकली, तीही इंग्रजीत. घरात मराठी, शेजारी कोंकणी, चौथीपर्यंत शाळाही मराठी. पाचवीत इंग्रजी सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले. शब्दांचे अर्थ विचारले की पोर गप्प. ठोकळे मात्र पटापट जुळवले. अहवालात दोन्ही मिळून एकच आकडा!

मग आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठल्या. त्यांनी आधी कान-डोळे तपासून आणायला लावले (चष्मा लागला, ते वेगळंच), वह्या चाळल्या, तीन बैठका मराठीतून घेतल्या. निघाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण. बुद्धी ठणठणीत.

गोव्यातली बांबोळीची मनोविकार संस्था सरकारी आहे. तपासणीसाठी तिथे नेलं तर लोक काय म्हणतील, हे डोक्यातून काढा. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

आणि हो, आधी कुठली चाचणी झाली ते नक्की सांगा. तीच लगेच पुन्हा घेतली तर सरावाने आकडा फुगतो.