नांगराला विंडलास (नांगराची साखळी ओढायचं मोटरचं यंत्र): आडवा घेऊ की उभा? मदत हवी आहे

मंडळी, मालवणात आमची 32 फुटी फायबर बोट आहे, नांगर 20 किलोचा, साखळी 10 एमएम 20 मीटर आणि पुढे दोर. साखळी मीटरला साधारण सव्वादोन किलो, म्हणजे नांगर धरून 65 किलो, तिपटीच्या हिशोबाने 200 किलो ओढणारा पाहिजे एवढं कळलं. सेकंडहँड एक बसवून पाहिला पण साखळी चाकावरून उड्या मारत सुटायची, कडीची आतली लांबी मोजली तर 28 एमएम आणि चाक 30 च्या कडीचं! बॅटरी 12 व्होल्ट. पुढच्या डेकखाली जेमतेम दीड फूट जागा, साखळीचा ढीग लगेच वर येतो आणि उभ्याची मोटर पण खालीच येणार. तर साखळीनंतरचा दोरही हात न लावता ओढेल असा आडवा कोणी वापरतंय का, आणि त्याला 28 चं चाक वेगळं मिळतं का?