बागेच्या जागेत गाळे: आधी ठराव, मग विचारणा?

मांजराकाठ
आमचं तालुक्याचं गाव, लातूर जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की चर्चा गटातटाची होते.

बसस्टँडच्या मागं नगरपरिषदेची बाग आहे. विकास आराखड्यात जागा उद्यान म्हणून आरक्षित आणि पालिकेच्याच ताब्यात. बाग म्हणजे कडुनिंब-करंजाची जुनी झाडं, एक मोडकी घसरगुंडी आणि चालायला फरशीची वाट. रस्त्याकडच्या पट्ट्यात व्यापारी संकुल बांधायचा ठराव आता सर्वसाधारण सभेत मंजूर झालाय. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हताच, 'आयत्या वेळच्या विषयां'त उरकला. त्यानंतर नोटीस निघाली: नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात, सकाळी अकरा वाजता बैठक. आणि दिवस कोणता, तर आठवडी बाजाराचा.

नोटीस फलकावर लावली होती, हे खरं आहे. मी जाऊन बघितली. घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी तिच्यावरच टाचलेली, त्यामुळं वरचा कोपरा आणि जावक क्रमांक तेवढा दिसत होता. यादी उचलून वाचली तर नकाशा नाही, गाळे किती ते नाही, झाडं किती जाणार ते नाही. बैठकीत आम्ही हेच विचारलं, तर साहेब म्हणाले, "ठराव तर झालाय. शटरच्या रंगाबिंगाबद्दल काही सूचना असतील तर सांगा."

मला गाळ्यांचं वावडं नाही. पण विचारायचं असेल तर ठरावाच्या आधी विचारा, नकाशा भिंतीवर लावून विचारा. शेजारच्या खेड्यात ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यावीच लागते. गायरानाचा कोपरा कुणी धरला तर माणसं सरपंचाला उभं करून विचारतात. चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ इथल्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती झाल्या, तशी तिथली ग्रामसभाही गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या बंधनकारक तीन लाख लोकसंख्येच्या पुढं. जिल्ह्याची मोठी शहरं सोडली तर मराठवाड्यात त्यात बसतं कोण? गाव मोठं झालं आणि विचारायचा हक्क लहान झाला. तुम्हाला काय वाटतं?

शटर_अर्धं
काही वाटत नाही. आम्हाला गाळे पाहिजेत.

बसस्टँडसमोर आमच्या टपऱ्या होत्या. अतिक्रमण म्हणून जेसीबीनं एका सकाळी उचलल्या. स्टोव्ह, बरण्या, बाकडं, सगळं ट्रॉलीत. तेव्हा कुणी हरकती-सूचना मागवल्या होत्या का? बागेत फिरणारं एक तरी माणूस आलं होतं का? उलट 'बरं झालं, रस्ता मोकळा झाला' म्हणायलेत सगळे. आता फरशीच्या वाटेला धक्का लागायलाय तर लोकशाही आठवली. झाडाखाली चकरा मारून पोट भरत असतं तर आम्हीबी मारल्या असत्या.

मांजराकाठ
तुमच्या टपऱ्या काढल्या तेव्हा आम्ही गप्प बसलो, हा आरोप मान्य. पण हे गाळे तुम्हाला मिळणार, असं ठरावात कुठं आहे? लिलाव होईल, डिपॉझिट लाखांत जाईल आणि गाळा घेणार आधीच चार गाळे असलेला माणूस.

शटर_अर्धं
ते मला शिकवू नका. तो घेईल आणि मला भाड्यानं देईल. तुमच्या बागेत तर भाड्यानंबी बसू देत नाहीत.

जमाखर्च
मी नगरपरिषदेत लेखा विभागात नोकरी केली (तुमच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यात). एक कडू गोष्ट सांगतो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि हातातला रोजचा पैसा गेला. बदल्यात शासनाचं सहायक अनुदान येतं, ते बहुतेक पगारातच जिरतं. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली आणि गाळाभाडं. त्यात घरपट्टी मागायला गेलं की हेच जागरूक नागरिक दाराला कडी लावतात (मूळ लेखात थकबाकीदारांच्या यादीचा उल्लेख आहेच, ती काही उगाच लांब होत नाही).

बागेला माळी लागतो, कुंपण लागतं, पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या जिल्ह्यात बसून हिरवळ मागायची म्हणजे कमाल आहे. पुढच्या पट्ट्यातल्या गाळ्यांच्या भाड्यावर मागची बाग चांगली राहणार असेल तर मला त्यात पाप दिसत नाही.

करंजसावली
हिरवळ कुणी मागितली? कडुनिंबाला आणि करंजाला टँकर लागत नाही, म्हणून तर दुष्काळात तीच झाडं टिकली. लॉन लावायची, ती जाळायची आणि मग 'बाग परवडत नाही' म्हणायचं, ही रीत पालिकांची.

भाड्यावर बाग चालेल म्हणता, तर गाळाभाडं बागेवरच खर्च करायचं असा स्वतंत्र हिशेब तुम्ही नोकरीत असताना एकदा तरी ठेवला होता का?

जमाखर्च
नाही. सगळं सामान्य निधीतच जमा व्हायचं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय ठरावात अट घालण्याचा आहे, गाळे अडवण्याचा नाही.

नियम_काय_म्हणतो
कायद्याचं थोडं. पैसे आणि पाणी यावर भांडण होत राहील, पण नुसत्या ठरावानं उद्यानाच्या आरक्षणावर व्यापारी संकुल उभं राहत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७. आराखड्यातल्या आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा तरी राजपत्रात सूचना द्यावी लागते, हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो, ऐकून घ्यावं लागतं आणि शेवटची मंजुरी शासनाची. फलकावर कागद टाचून बाजाराच्या दिवशी बोलावणं म्हणजे ही प्रक्रिया नव्हे. बागेला पूरक छोटं बांधकाम चालतं, पण गाळ्यांची रांग ही वेगळी गोष्ट.

दुसरं, नगरपरिषद अधिनियम १९६५ चं कलम ३०८. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. अर्ज साधा असतो, ठरावाची प्रमाणित प्रत जोडायची. आधी ती प्रत मागा, कारण ठराव वाचल्याशिवाय त्याच्यावर भांडणारी माणसं मी फार बघितलीत.

आणि 'बागेशी तुमचा संबंध काय' असं कुणी विचारलंच तर १९९१ चा निकाल आहे. बंगळुरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. त्यांना दाद मागायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं आणि ते वाटप रद्द ठरवलं. तिथं तर दवाखाना होता, इथं गाळे आहेत.

शटर_अर्धं
म्हणजे शेवटी वकील. खंडपीठाची पायरी चढायला कुणाकडं पैसा आहे ते दिसतंयच.

नियम_काय_म्हणतो
तुमच्यासाठीही कायदा आहे, तो कुणी सांगितला नसेल. पथविक्रेता अधिनियम २०१४. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. शिवाय प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात ४० टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या गावात ही समिती आहे का, एवढं पालिकेला लेखी विचारा. जेसीबी आणला त्या सकाळीच तुमचा विचारला जायचा हक्क गेला होता.

सातच्या_आत
इथं सगळे पुरुष लिहायलेत असं दिसतं, म्हणून लिहिते.

मी त्याच गावची असावी अशी शंका येतेय, नसले तरी बाग सगळीकडं सारखीच. संध्याकाळी सहानंतर त्या बागेत आम्ही जात नाही. दिवे फुटलेले, मागच्या भिंतीला बाटल्या आणि पत्त्यांचा डाव. पुढं चार दुकानं उघडी असली, उजेड असला, तर मी मुलीला घेऊन जाईन. म्हणून मला गाळे पूर्ण वाईट वाटत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. बाजाराच्या दिवशी खेड्यातून भाजी घेऊन आलेल्या बायका लघवीला कुठं जातात? त्याच बागेच्या भिंतीआड, एक जण पदर धरून उभी राहते. बसस्टँडच्या संडासाची दशा सगळ्यांना माहीत आहे. ठरावात गाळे आहेत, विरोधकांच्या निवेदनात झाडं असतील. संडास कुणाच्याच कागदात नाही, कारण त्या बायकांना विचारलंच नाही, पालिकेनंही नाही आणि तुम्हीही नाही.

मांजराकाठ
निवेदनात नाहीये, हे खरं. टाकतो.

सातच्या_आत
नुसतं टाकू नका, कुठं बांधायचं ते नकाशावर दाखवा. नाहीतर तो बांधतील गाळ्यांच्या मागं आणि कुलूप घालतील.

गुंठेवारीतून
मी छत्रपती संभाजीनगरचा. आमच्या वसाहतीत बागेचा वाद होत नाही, कारण बागच नाही. शेत विकत घेतलं, गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडले, वीस फुटी रस्ता म्हणून दाखवलेला प्रत्यक्षात बाराच निघाला. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं घरं नियमित झाली, पुढं २०२१ मध्ये मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामंही त्यात घेतली. कागद आला, नळ आला, पण मोकळी जागा नियमित करायला ती आधी असावी लागते ना! रीतसर लेआउटमध्ये, जमीन ४० गुंठ्यांच्या पुढं असली की, दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. आमच्याकडं तेवढी रेघसुद्धा कुणी मारली नाही. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, गाडी आली की स्टंप उचलतात.

सिडकोच्या एन विभागांत जाऊन बघा, घरांमध्ये पालिकेची छोटी मैदानं अजून आहेत. घरांचे भाव कुठं जास्त आहेत तेही बघा. एकदा गेलेली बाग परत घ्यायची तर भूसंपादन करावं लागतं, आणि त्याला पैसा पालिकेकडं आत्ता नाही तर पुढं कुठून येणार? जमाखर्च साहेबांनी हाही हिशेब मांडावा.

जमाखर्च
मांडतो. गाळ्यांचं वीस वर्षांचं भाडंही त्या जागेच्या मोबदल्याला पुरणार नाही. पण नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची असते, वीस वर्षांचा हिशेब त्याच्यापुढं ठेवून उपयोग नाही.

पट्टीचा_बोलणारा
मला हे 'नागरिकांना विचारा' प्रकरणच पटत नाही. विचारलं की येतात कोण? सकाळी फिरणारे पेन्शनर, दोन डॉक्टर, एखादा वकील आणि उमेदवारीची वाट बघणारा. बाजारात बसलेली बाई येणार नाही, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब तर गावातच नसतं. मग अशा बैठकीला गावाचं मत कामून म्हणायचं? निवडून दिलेले नगरसेवक आहेत, त्यांना ठरवू द्या. नाही पटलं तर पुढच्या वेळी पाडा.

आणि मूळ लेखकाला विचारतो, ग्रामसभेचं एवढं कौतुक करता, तर ग्रामसभेत कोरम किती वेळा भरतो? तहकूब करायची, पुन्हा घ्यायची आणि सह्या घरोघर फिरवून गोळा करायच्या, हे मी डोळ्यानं बघितलंय.

करंजसावली
'पाच वर्षांनी पाडा' हे ऐकायला बरं. २०२२ नंतर किती नगरपरिषदांवर प्रशासक बसले होते, विसरलात का? तेव्हा कुणाला पाडायचं होतं?

आणि झाड पाच वर्षं थांबत नाही. शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष. तोडायचं झाड असेल त्या झाडावरच नोटीस चिकटवावी लागते. मांजराकाठ, तुमच्या कडुनिंबांवर कागद दिसला का?

मांजराकाठ
एकावरही नाही. खोडावर लाल रंगानं आकडे मात्र टाकलेत. कुणी टाकले ते पालिकेत कुणी सांगत नाही.

पट्टीचा_बोलणारा, ग्रामसभेचं खोटं चित्र मी रंगवत नाही, सह्यांची गोष्ट आमच्याकडंही तशीच. पण तिथं खोटी सही करावी लागते, म्हणजे सहीला किंमत आहे. इथं तर सही मागायचीही गरज पडली नाही. आणि कोण येतं हा प्रश्न असेल तर वेळ बदला ना. संध्याकाळी सातला घ्या, बागेतच घ्या. बाजाराच्या दिवशी नकाशा बसस्टँडच्या भिंतीवर लावा आणि एक माणूस वही घेऊन बसवा. याला निधी लागत नाही.

आता आम्ही अर्ज करतोय, जिल्हाधिकाऱ्यांकडं ३०८ खाली, प्रत नगररचनेला. मागण्या: ठरावाला स्थगिती, मोजणीचा नकाशा जाहीर करा, झाडांची यादी वयासह द्या, संडासाची जागा नकाशावर दाखवा. कुणाला भर घालायची असेल तर सांगा.

शटर_अर्धं
एक ओळ घाला. उठवलेल्या टपरीवाल्यांचं सर्वेक्षण करा, आणि कुठंबी गाळे झाले तर लिलावाआधी त्यांना द्या. ही ओळ पहिली पाहिजे, झाडांच्या वर. मग बसस्टँडवरच्या सगळ्यांच्या सह्या मी आणून देतो. नाहीतर आम्ही गाळ्यांच्या बाजूनं निवेदन देऊ, तेबी तयार आहे.

करंजसावली
'कुठंबी गाळे झाले तर' म्हणजे बागेतबी? मग हा बाग वाचवायचा अर्ज राहिला नाही. मी सही करणार नाही.

सातच्या_आत
तुम्ही त्या गावचे आहात का?

करंजसावली
नाही, परभणीचा.

मांजराकाठ
'बागेचं आरक्षण सोडून इतर जागी गाळे झाल्यास' असं लिहितो. बाजार समितीच्या रस्त्याला पालिकेची जागा पडून आहे, तिचा सर्व्हे नंबरही टाकतो. ओळ पहिली घेतली. शटर_अर्धं, चालतंय का?

शटर_अर्धं
बाजार समितीकडं गिऱ्हाईक दुपारनंतर राहत नाही. विचारून सांगतो बाकीच्यांना.