विषय: सेटल–कार्लाइल सहल, डिझेल इंजिनाची गाडी कशासाठी?

सप्रेम नमस्कार,

सहल समितीचा निरोप वाचला. उत्तर इंग्लंडमधील सेटल–कार्लाइल रेल्वेमार्गावरील उन्हाळी सहलीसाठी ठरवलेली गाडी वाफेच्या इंजिनाची नसून जुन्या 'डेल्टिक' डिझेल इंजिनाची आहे, असे दिसते. डिझेलच्या गाड्या आम्ही कोकण रेल्वेवर वर्षानुवर्षे पाहिल्या. त्यासाठी एवढे तिकीट भरण्यात काय स्वारस्य, आणि कार्लाइलला जेमतेम दोन तास थांबून पाहायचे तरी काय, हे समितीने कृपया स्पष्ट करावे.

एक सभासद, लीड्स

---

सप्रेम नमस्कार,

आपली शंका रास्त आहे. मात्र समितीत नसूनही तिला उत्तर देण्याचा मोह मला आवरत नाही.

वाफेच्या गाडीचे तिकीट काढले तरी उन्हाळ्यात वाफेचेच इंजिन मिळेल याची खात्री नसते, कारण हवा कोरडी असली की ठिणग्यांनी रुळांकडेचे गवत पेटेल या धास्तीने ऐनवेळी डिझेल जोडले जाते. त्यापेक्षा डिझेल म्हणूनच निवडलेले, आणि तेही डेल्टिक, हे मला कधीही अधिक पसंत आहे. लंडन–एडिंबरो मार्गावरील ५५ वाफेच्या इंजिनांची जागा अशा अवघ्या २२ इंजिनांनी घेतली. ती १९६१–६२ मध्ये लँकशरमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली आणि ताशी १०० मैल धावत असत. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ सालची पहिली गाडी ओढणारी इंजिनेही याच कारखान्यातून आली होती, म्हणजे आपला या घराण्याशी परिचय जुना आहे.

कोकण रेल्वेच्या डिझेलशी मात्र याची तुलना करू नये. डेल्टिकमध्ये मुळात नौदलाच्या वेगवान बोटींसाठी विकसित झालेली प्रत्येकी १८ सिलिंडरची दोन इंजिने असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात आणि सिलिंडरांच्या त्रिकोणी मांडणीच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक क्रँकशाफ्ट असतो. दोन्ही मिळून ३,३०० अश्वशक्ती. इंजिन थंड असताना धूर बाहेर नेणाऱ्या पेटीत न जळलेले तेल साचते आणि ते तापू लागले की निळसर धुराचा असा लोट उठतो की नवख्या माणसाला आग लागल्याचा भास व्हावा. म्हणून फलाटावर थोडे आधी पोहोचावे, हा माझा आग्रह. नियमित सेवा १९८१ च्या अखेरीस संपली, निरोपाची खास फेरी २ जानेवारी १९८२ रोजी झाली आणि २२ पैकी सहा इंजिने जतन झाली.

राहिला मार्ग. सेटलपासून ब्ली मूर बोगद्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटर बहुतांशी दर १०० फुटांना एक फूट असा चढ आहे. बोरघाटाचा दर ३७ फुटांना एक फूट चढ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हा किरकोळ वाटेल, परंतु येथे तो संपता संपत नाही. मध्येच २४ कमानींचा, ३२ मीटर उंचीचा रिबलहेड पूल येतो. त्यावर एकच रूळमार्ग असल्याने आणि वेगमर्यादा कडक असल्याने गाडी सावकाश जाते. तो ओलांडला की ब्ली मूर बोगद्याच्या दिशेने इंजिन पुन्हा जोर घेते, आणि तो आवाज पुढच्या डब्यांतून ऐकण्यासारखा असतो. याच पुलाच्या दुरुस्तीचा खर्च पुढे करून हा मार्ग बंद करण्याचा घाट घातला गेला होता. लोकांनी चिकाटीने लढा दिल्यावर १९८९ साली तो बेत रद्द झाला.

कार्लाइलचा किल्ला आणि कॅथेड्रल स्थानकाजवळच असल्याने दोन तास पुरतात. खरे तर तेथे काही पाहिले नाही तरी बिघडत नाही, कारण गाडीत बसणे हीच सहल आहे.

एक ज्येष्ठ सभासद

---

सप्रेम नमस्कार,

काकांच्या उत्तरानंतर समितीला फारसे सांगण्यासारखे उरले नाही. इंजिनालगतच्या डब्यातील आसने मंडळासाठी राखून ठेवण्याची विनंती आम्ही आयोजकांना आजच करीत आहोत. जाताना डावीकडची खिडकी मिळाल्यास इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पुढे वाइल्ड बोअर फेल हे डोंगर दिसतील. पेन-ई-गेंट उजवीकडे येतो, तेव्हा आसनांवरून वाद नकोत, येताना बाजू बदलून घ्याव्यात. बोगद्यात खिडक्या बंद ठेवाव्यात आणि मुलांना डोके बाहेर काढू देऊ नये. जेवणाचे डबे ज्याने त्याने आपापले आणावेत. चहाची व्यवस्था गाडीत आहे.

सचिव, सहल समिती