मदत हवी आहे: पहिले ट्रान्झिस्टर टीव्ही आणि विक्षेपण मंडल

नमस्कार मंडळी,

हातात उचलून नेता येणाऱ्या टीव्हीसंचांच्या सुरुवातीच्या काळावर मी एक लेख लिहीत असून एका तांत्रिक मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१९५९ साली अमेरिकेत फिल्को कंपनीने बॅटरीवर चालणारा ‘सफारी’ हा संपूर्ण ट्रान्झिस्टरचा संच बाजारात आणला. त्याची चित्रनलिका (पिक्चर ट्यूब) जेमतेम २ इंचांची होती आणि तिच्यावरचे चित्र आरशाच्या साहाय्याने मोठे करून वरच्या टोपीसारख्या भागात डोकावून पाहावे लागे. म्हणजे घरातल्या चौघांनी मिळून बघण्याची सोय नाहीच! लगेच १९६० मध्ये सोनीने ८ इंची पडद्याचा, २३ ट्रान्झिस्टरचा ‘टीव्ही८-३०१’ विक्रीला आणला आणि त्यात चित्र थेट पडद्यावरच दिसत असे. मला हा संच अधिक धाडसी वाटतो.

माझा प्रश्न असा, की मोठ्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत कडेपर्यंत वळवायला आणि नलिकेला उच्च विद्युतदाब पुरवायला जी शक्ती लागते, ती त्या काळच्या ट्रान्झिस्टरांना झेपवण्यासाठी आडव्या विक्षेपणाच्या, म्हणजे झोत पडद्यावर आडवा फिरवणाऱ्या मंडलात (सर्किटमध्ये) नेमके कोणते बदल करण्यात आले होते? जुन्या संचांची दुरुस्ती केलेल्या कोणाकडे ‘टीव्ही८-३०१’ची मंडलाकृती असल्यास, किंवा सोनीच्याच १९६२ च्या ५ इंची ‘मायक्रो टीव्ही’शी तिची तुलना कोणी समजावून सांगू शकत असल्यास, कृपया सविस्तर लिहावे. मराठीत असल्यास उत्तमच.