उत्तर: व्होडका डोसिंगनंतर ॲक्रोपोराची टोकं पांढरी

व्होडका डोसिंग (जिवाणूंना खाद्य म्हणून टाकीत थोडी थोडी व्होडका घालणं) सुरू केल्यावर ॲक्रोपोराची, म्हणजे फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण प्रवाळाची, टोकं पांढरी का पडली, असं तुम्ही विचारलंय. ६० लिटरच्या समुद्री टाकीत नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्यं दोन्ही शून्यावर आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण) ११ डीकेएच (ती मोजायचं एकक), हे तुम्ही दिलेले आकडेच मला सगळ्यात जास्त खटकले. पाण्यात पोषण नसताना अल्कलिनिटी एवढी चढी राहिली की ॲक्रोपोराची टोकं जळतात, हे अनेकांच्या टाक्यांत दिसलंय. व्होडकावर वाढणारे जिवाणू नायट्रेट-फॉस्फेट खाऊन टाकतात आणि प्रवाळ उपाशी राहतो. कृपया डोस एकदम तोडू नका, थोडा थोडा कमी करत बंद करा. अल्कलिनिटी हळूहळू ८ च्या आसपास आणा, नायट्रेट ५ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५ भाग) येऊ द्या. फॉस्फेट ०.०३ पीपीएमच्या खाली नकोच. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आहे का? नसेल तर एवढ्या लहान टाकीत व्होडका नकोच, कारण जिवाणू वाढले की रात्री ऑक्सिजन घटतो. त्यापेक्षा दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला.