हिशोब हरलेल्यालाही द्यावा लागतो
'उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र म्हणजे नुसती औपचारिकता, निवडून आल्यावर कोण विचारतंय?' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. मालमत्तेचे आकडे कुणी फारसे तपासत नाही हे खरंय. पण लपवाछपवी कोर्टात अंगाशी येते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाची निवड रद्दच ठरवली, कारण त्याने स्वतःवरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात लपवले होते. खटला आमदार-खासदाराचा नव्हता, गावपातळीवरचा होता.

शिवाय निवडणूक खर्चाचा विषय इथे कुणी काढलाच नाही. निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, आणि तो हरलेल्यालाही. आमच्या अक्कलकोट तालुक्यातल्या गावात माझी चुलती ग्रामपंचायत सदस्यपदाला उभी होती, थोडक्यात पडली. पडल्यावर कसला हिशोब, म्हणून रिक्षा, भोंगा, चहा-नाश्त्याच्या पावत्या पिशवीत तशाच राहिल्या. मग थेट नोटीस आली! ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली हिशोब न देणाऱ्याला पाच वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं, महापालिकेला तीन वर्षं. सुनावणीला तिच्यासारख्या बऱ्याच बायका होत्या. अर्ज भरताना मागे गर्दी करणारे पुढारी तिथे एकही नव्हते, याचा मला आजही राग येतो. आरक्षणातून पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या बाईला हा नियम अर्ज भरतानाच कुणीतरी समजावून सांगायला हवा. सोलापुरात प्रभागात उभ्या राहणाऱ्यांनीही रोजचा खर्च त्याच दिवशी वहीत उतरवावा, पावती लगेच मागून घ्यावी. मंडपवाला नंतर पावती देत नाही.